माळ्यावर सापडलेली वाईन: प्यायची की ओतून द्यायची?

घर आवरताना माळ्यावरच्या सुटकेसमागून एक बाटली निघाली. लाल वाईन. वर धुळीचा जाड थर, लेबलाचा एक कोपरा कसरीनं खाल्लेला, साल मात्र स्पष्ट वाचता येत होतं: 1988. कुणी कधी भेट दिली होती, कुणालाच आठवेना. बाटली टेबलावर आली आणि पाच मिनिटांत घरात दोन पक्ष पडले. एक म्हणाला, "वाईन जितकी जुनी तितकी भारी. जुनं ते सोनं!" दुसरा म्हणाला, "पस्तिशी ओलांडलेली बाटली तोंडाला लावू नका, विष झालं असेल त्याचं."

दोन्ही पक्ष चुकले होते.

अशा वादाला अधूनमधून बातम्याही खतपाणी घालतात. स्पेनमधल्या कार्मोना गावात 2019 मध्ये एका घराचं काम चालू असताना रोमन काळातलं दफनस्थान सापडलं. तिथल्या एका काचेच्या कलशात सुमारे 5 लिटर लालसर द्रव होता. तो सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या वाईनचा आहे आणि ती मूळची पांढरी वाईन होती, असं संशोधकांनी 2024 मध्ये जाहीर केलं. तोवर सर्वांत जुन्या द्रवरूप वाईनचा मान जर्मनीतल्या श्पायरजवळ 1867 मध्ये सापडलेल्या बाटलीकडे होता. ती चौथ्या शतकातली आहे, तिथल्या संग्रहालयात आहे आणि अजूनही उघडलेली नाही. कार्मोनाची बातमी वाचून अनेकांच्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की ती पिता येईल का? त्या कलशात मृताच्या जळलेल्या अस्थी होत्या, त्यामुळे तिथे विषय आपोआप मिटतो. आपल्या माळ्यावरच्या बाटलीचा मात्र मिटत नाही.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

"ही वाईन अजून चांगली असेल का?" असं आपण विचारतो तेव्हा दोन प्रश्नांची सरमिसळ झालेली असते. प्यायली तर बाधेल का, हा पहिला. प्यायला बरी लागेल का, हा दुसरा. दुधाच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर बहुधा एकच येतं, म्हणून वेगळं विचारायची सवय आपल्याला नसते. वाईनच्या बाबतीत उत्तरं अगदी वेगळी येतात. पहिल्याचं उत्तर जवळपास नेहमी "नाही, बाधणार नाही" असं असतं. दुसऱ्याचंही बहुतेक वेळा "नाही"च असतं.

(इथे "बाधणार नाही" म्हणजे जुनी झाल्यामुळे वेगळं काही बाधणार नाही, एवढंच. दारूचे म्हणून जे तोटे आहेत ते नव्या बाटलीत असतात तेवढेच जुन्या बाटलीतही असतात.)

विष का होत नाही?

अन्न बिघडून माणूस आजारी पडतो तो बहुतेक वेळा जंतूंमुळे. जंतूंना वाढायला सौम्य, फारसं आंबट नसलेलं वातावरण लागतं. वाईन मुळातच चांगली आंबट असते. आम्लता मोजायच्या पीएच मापावर शुद्ध पाणी 7 वर असतं, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त, आणि वाईन साधारण 3 ते 4 च्या दरम्यान येते. डबाबंद अन्नात ज्याची सगळ्यांत जास्त भीती असते तो बोटुलिझमचा जंतू 4.6 च्या खाली वाढूच शकत नाही. त्यात आणखी 12 ते 14 टक्के अल्कोहोल. या दोन पहाऱ्यांतून माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा निभावून जात नाहीत.

निभावतात ते वेगळे जंतू. ते वाईनची चव घालवतात, आपल्या पोटाच्या वाटेला जात नाहीत. फ्रान्सची वाईन वाटेतच खराब होते अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा सम्राट तिसऱ्या नेपोलियननं 1863 मध्ये लुई पाश्चरला हा प्रश्न सोडवायला सांगितलं. वाईनचे हे "आजार" सूक्ष्मजंतूंमुळे होतात आणि वाईन 50 ते 60 अंशांपर्यंत तापवली तर ते आटोक्यात येतात, हे त्यानं दाखवून दिलं. दुधाच्या पिशवीवर "पाश्चराइज्ड" असं छापलेलं असतं त्या शब्दाची सुरुवात अशी वाईनपासून झाली.

मग बिघडते म्हणजे नेमकं काय होतं?

सफरचंद कापून ठेवलं की थोड्या वेळात तांबूस पडतं. हवेतला ऑक्सिजन त्याच्या गरात शिरतो आणि रंग-चव बदलतो. या प्रकाराला ऑक्सिडीकरण म्हणतात. बाटलीत हेच होतं, फक्त वर्षानुवर्षं, मुंगीच्या पावलांनी. बूच म्हणजे एका झाडाची साल. ती पाणी अडवते, पण हवा शंभर टक्के अडवत नाही. सायकलच्या ट्यूबमधली हवा पंक्चर नसतानाही महिन्याभरात कमी होते, तसा बुचातून अगदी थोडा ऑक्सिजन आत जात राहतो.

वाईन बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून बाटली भरताना ते थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात. लेबलावर जे "सल्फाइट" लिहिलेलं असतं ते हेच. आत येणाऱ्या ऑक्सिजनचा फटका वाईनच्या आधी ते झेलतं. पण ही शिदोरी मोजकीच असते आणि वर्षांगणिक खर्च होते. संपली की ऑक्सिजनला मोकळं रान. फळाचा ताजा वास आधी जातो, मग अल्कोहोलच्या काही भागाचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन होतं. त्याचा वास ठेचलेल्या सफरचंदासारखा किंवा जुन्या अक्रोडासारखा येतो.

बूच सैल पडून हवा जास्त शिरली तर ॲसिटोबॅक्टर हे जंतू कामाला लागतात. ते ऑक्सिजन वापरून अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरचा जीव. थोडक्यात, वाईनला तिच्या वाटेनं जाऊ दिलं तर ती व्हिनेगरकडे जाते, आणि व्हिनेगर आपण खातोच. "विष झालं असेल" या भीतीला खरं उत्तर हे आहे.

"पण वाईन जुनी झाल्यावर चांगली होते ना?"

काही वाईन होतात. अगदी थोड्या. बाजारात येणारी बहुतांश वाईन एक ते पाच वर्षांत पिऊन संपावी अशाच बेतानं बनवलेली असते. हलक्या पांढऱ्या आणि गुलाबी वाईनची उमेद दोन-तीन वर्षांची, साध्या लाल वाईनची त्याहून थोडी जास्त. खोक्यातल्या पिशवीत येणारी वाईन तर वर्षभरसुद्धा नीट राहत नाही, कारण प्लास्टिकमधून हवा बुचापेक्षा सहज जाते.

टिकण्यासाठी मुळात भांडवल लागतं: आम्लता, साखर, अल्कोहोल किंवा टॅनिन. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारा तुरटपणा. कोऱ्या चहाचा घोट घेतल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, ते टॅनिनच. तरुण लाल वाईनमध्ये ते कडक असतं. काळाबरोबर त्याचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि साका होऊन तळाशी बसतात. वाईन मऊ होते, रंग जांभळ्याकडून विटेच्या लालीकडे झुकतो, फळाच्या वासाच्या जागी चामडं, तंबाखू, सुकलेली पानं असे वास येतात. ज्या वाईनमध्ये हे भांडवल भरपूर आहे तिचं यात सोनं होतं. ज्या वाईनमध्ये ते मुळातच नाही तिचा फक्त फळाचा वास जातो आणि त्या जागी काहीच येत नाही.

गोड वाईनचं आयुष्य लांब असतं. फ्रान्सची सोटर्न आणि हंगेरीची टोकाई या दशकं सहज काढतात. पोर्ट नावाच्या गोड वाईनमध्ये वरून स्पिरिट घालतात, त्यामुळे अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं आणि जंतूंचा प्रश्नच राहत नाही. पण खरी चिवट म्हणजे मदेरा. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची ही वाईन एके काळी जहाजांतून उष्ण समुद्र पार करत जायची आणि परतलेली पिंपं चवीला जास्त चांगली निघायची. ते पाहून बेटावरच तिला उष्णता द्यायची पद्धत पडली. आजही टाकीत ती 45 ते 50 अंशांवर किमान तीन महिने ठेवतात. उष्णता आणि हवा दोन्ही तिनं आधीच पचवलेली असतात, म्हणजे अक्षरशः तावून सुलाखून निघालेली. माळ्यावर शंभर वर्षांची मदेरा सापडली तर माझा जीव खरंच हरखून जाईल.

वय कमी सांगतं, मुक्काम जास्त

बाटलीवरचं साल वाचून निम्मंच कळतं. ती एवढी वर्षं कुठे राहिली हे त्याहून महत्त्वाचं. एक ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. वाईनला 12-13 अंशांचा थंड, अंधारा, थोडा दमट कोपरा मानवतो. दमट अशासाठी, की बूच बाहेरून वाळू नये. बाटली आडवी ठेवायची ती अशासाठी, की बूच आतून ओलं राहावं. प्रकाश वेगळाच शत्रू. सूर्यप्रकाश आणि ट्यूबलाइट यांच्यामुळे वाईनमधल्या गंधकाच्या संयुगांना उकडलेल्या कोबीसारखा वास येतो, आणि पारदर्शक काचेच्या बाटलीत हे फार लवकर घडतं.

थंडी आणि अंधार काय करू शकतात याचं उदाहरण समुद्रात सापडलं. फिनलंडच्या ओलान्द बेटांजवळ 2010 मध्ये पाणबुड्यांना एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या 168 बाटल्या मिळाल्या. सुमारे 50 मीटर खोल, काळोख, पाणी जेमतेम 2 ते 4 अंश. सुमारे 170 वर्षं त्या तशाच पडून होत्या. 2015 मध्ये त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. चाखणाऱ्यांना सुरुवातीला ओल्या केसांसारखा, जनावरासारखा वास आला. पेल्यात घोळवून थोडी हवा दिल्यावर धूर, मसाले, चामडं असे वास वर आले. लिटरमागे सुमारे 150 ग्रॅम साखर निघाली, कारण त्या काळची शॅम्पेन सरबतासारखी गोड असायची. बुडबुडे बहुतेक गेले होते, वाईन मात्र जिवंत होती.

आता माळा घ्या. छताखालचा, उन्हाळ्यात तापणारा, रात्री निवणारा, आणि बाटली उभी. वाईनचं वाटोळं करायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

न उघडता काय कळतं?

बरंच कळतं. बाटली उजेडासमोर धरा आणि वाईन कुठपर्यंत आहे ते पाहा. बुचाखालच्या रिकाम्या जागेइतका खरं बोलणारा साक्षीदार दुसरा नाही, कारण जितकी वाईन कमी झाली तितकी हवा आत आली. पातळी गळ्यात असेल तर उत्तम. तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीत खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत उतरली असेल तरी आशा आहे. खांद्याच्या मध्यावर असेल तर जुगार, आणि त्याखाली असेल तर फक्त कुतूहल म्हणून उघडायची.

मग बूच. ते कडेवर उचललेलं दिसत असेल किंवा गळ्यावर चिकट ओघळ सुकला असेल, तर बाटली कधीतरी चांगलीच तापली होती. तापलेल्या द्रवानं फुगून बूच ढकललं. बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, दमट जागेत ती येतेच. ओल्या फडक्यानं पुसायची. रंगातही गंमत असते. लाल वाईन वयानुसार फिकट होते आणि पांढरी गडद होत जाते. म्हणून तरुण वयात ज्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो त्या दोघी म्हातारपणी सारख्याच तपकिरी दिसतात.

तळाचा साका निरुपद्रवी. कधी काचेच्या चुऱ्यासारखे चकचकीत खडे दिसतात आणि माणूस बाटली सरळ फेकून देतो. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, द्राक्षातूनच आलेले. खात्री करायची असेल तर गरम पाण्यात टाका. विरघळतील. काच विरघळत नाही.

उघडताना

बाटली एक-दोन दिवस उभी ठेवा, म्हणजे साका तळाशी बसेल. जुनं बूच मळसूत्री ओपनरनं ओढलं की निम्मं हातात येतं, निम्मं आत राहतं. बुचाच्या दोन्ही कडांनी खाली सरकवायचं दोन पातळ पात्यांचं साधन मिळतं. ते असेल तर उत्तम. नसेल तर तुटू द्या, गाळता येतं. शॅम्पेनसारखी फसफसणारी बाटली असेल तर जरा जपून. नव्या बाटलीत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो आणि जुनीत किती उरलाय ते बाहेरून कळत नाही. तोंड माणसांपासून दूर, वर फडकं, आणि मळसूत्री ओपनर मुळीच नको.

मी आमची 1988 ची बाटली उघडली तेव्हा बूच आधीच दोन मिलिमीटर वर आलेलं होतं आणि पातळी खांद्याच्या मध्यावर. ओपनर फिरवला तसा बुचाचा भुगा व्हायला लागला, शेवटचा तुकडा बुळकन आत पडला. मलमलच्या फडक्यातून गाळून पेल्यात ओतली. रंग कोऱ्या चहाचा. पहिला वास धुळीचा, मग अक्रोडाचा, आणि त्यामागून नेलपॉलिश रिमूव्हरचा. "विष" पक्षानं लगेच माझ्याकडे पाहिलं. खरं तर तो वास एथिल ॲसिटेटचा. ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आले की ते बनतं, वाईन व्हिनेगरच्या वाटेला लागल्याची खूण. एक घोट घेतला. आंबट, पातळ, मागे थोडा कडवटपणा. कुणाला काही झालं नाही. उरलेली बेसिनमध्ये गेली.

आणखी एक वास ओळखून ठेवा: ओल्या पुठ्ठ्याचा, तळघराचा. हा दोष वयाचा नाही, बुचाचा. बुचाच्या सालीतली बुरशी आणि क्लोरीनची संयुगं यांच्यातून टीसीए नावाचं रसायन तयार होतं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, असले तरी नाकाला कळतं. ते अपायकारक नाही, पण चवीची पार माती करतं, आणि बाटली भरली त्या दिवसापासून ते आत असतं.

वास बरा आला तर लगेच प्या. "वाईनला श्वास घेऊ द्या" हा सल्ला तरुण वाईनसाठी ठीक. फार जुन्या वाईनला हवा सोसत नाही, अर्ध्या-एक तासात तिचा उरलासुरला गंध उडून जातो.

"म्हणजे धोका शून्य?"

शून्य नाही. पण धोका असतो तो वाईनच्या म्हातारपणात नसतो, आजूबाजूला असतो.

पहिला, शिसं. बाटलीच्या तोंडावरची पन्नी पूर्वी शिशाची असायची. युरोपात ती 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली, अमेरिकेत 1996 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या बाटलीची पन्नी मऊ आणि जड लागली तर ती शिशाची समजा. पूर्ण काढून टाका आणि बूच काढण्यापूर्वी व नंतर बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं नीट पुसा. त्याच कारणासाठी जुन्या क्रिस्टलच्या नक्षीदार सुरईत महिनोन्महिने राहिलेली वाईन किंवा पोर्ट पिऊ नका. त्या काचेत शिसं असतं आणि ते हळूहळू द्रवात उतरतं.

दुसरा धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो: लेबल नसलेली, आधी एकदा उघडून पुन्हा बूच लावलेली बाटली. तिच्यात वाईनच आहे हे कशावरून? रिकाम्या बाटलीत थिनर, कीटकनाशक, ॲसिड भरून ठेवणारी माणसं कमी नसतात. अशी बाटली हुंगूसुद्धा नका.

मिथेनॉलबद्दल हमखास विचारलं जातं. बाटली पडून राहिल्यानं वाईनमधलं मिथेनॉल वाढत नाही. आंबवताना फळातल्या पेक्टिनपासून जे थोडंसं तयार होतं तेवढंच राहतं. 1986 मध्ये इटलीत वाईनमुळे वीसहून अधिक माणसं दगावली, ती कुणीतरी मुद्दाम मिथेनॉल मिसळल्यामुळे. ती वाईन पहिल्या दिवसापासूनच घातक होती.

आणि क्रीम घातलेली लिकर दिसायला बाटलीबंद दारूच असली तरी तिला वाईनचे नियम लावू नका. तिच्यावर तारीख असते, ती पाळा.

"प्यायला नाही, पण स्वयंपाकात चालेल?"

नुसतीच फिकी, थकलेली वाईन चालेल. व्हिनेगरचा किंवा पुठ्ठ्याचा वास येत असेल तर नको. वाईन आटवली की पाणी आणि बरंचसं अल्कोहोल जातं, आंबटपणा जात नाही. उलट तो जास्त दाट होतो.

"अजून थोडी वर्षं ठेवून बघू का?"

साधी लाल किंवा पांढरी वाईन असेल तर आज रात्रीच उघडा. एकदा उतरणीला लागलेली वाईन परत वर चढत नाही. नावाजलेली, गळ्यापर्यंत भरलेली बाटली असेल तर आधी जाणकाराला दाखवा आणि तोवर थंड अंधारात आडवी ठेवा. शोभेच्या कपाटात दिव्याखाली तर मुळीच ठेवू नका. 1985 मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावघरात लाफीत या नामवंत फ्रेंच वाईनची 1787 ची एक बाटली 1,05,000 पौंडांना विकली गेली. तिच्यावर टी.एच.जे. ही अक्षरं कोरलेली होती आणि ती अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांची असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. तिच्या अस्सलपणाबद्दल पुढे बराच वाद झाला. पण त्याआधीच घेणाऱ्यांनी ती दिव्यांच्या झोतात मांडली होती. उष्णतेनं बूच वाळलं, आक्रसलं आणि एक दिवस घसरून आत वाईनमध्ये पडलं.